कळलं ना?

स्मरणिकेसाठी फोन आला तेव्हा पलीकडून प्रश्न होता, "लिहिणार ना?" मी म्हणालो, "हो ना!" फोन ठेवल्यावर लक्षात आलं की होकार आणि नकार एका दमात देऊन बसलोय. विचारणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पण या 'ना'शी माझी जुनी ओळख आहे. ती नववी 'ब'च्या शेवटच्या बाकावर झाली, म्हणून तेच लिहितो. शाळेची प्रगती, नवी इमारत, संगणक कक्ष यांवर इतर मंडळी लिहितीलच.

आमच्या मराठीच्या सरांना दर दोन वाक्यांनंतर "कळलं ना?" म्हणायची सवय होती. मागच्या बाकावर आम्ही त्याची नोंद ठेवायचो. वहीचं शेवटचं पान, चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी. उच्चांक 41, तोही 35 मिनिटांच्या तासात. 1983 सालच्या जानेवारीत ते पान सरांच्या हाती लागलं. वही माझी होती. त्या काळी अशा प्रसंगी डस्टर कुठल्या दिशेने येईल याचा अंदाज घेऊन मान खाली घालायची पद्धत होती. मी घातली.

सरांनी रेघा मोजल्या. खडूच्या टोकाने, पाच-पाचचे गठ्ठे करत. "एक्केचाळीस? मला वाटलं, जास्त असतील." मग फळ्याकडे गेले, मधोमध भला मोठा 'ना' काढला आणि वळून म्हणाले, "मोजता येतो. अर्थ कोण सांगतो?"

कुणी म्हणालं, नाही. कुणी म्हणालं, "ये ना, बस ना" मधला आग्रह. एवढ्यात सटाण्याहून आलेला, वसतिगृहात राहणारा एक जण उठला आणि म्हणाला, "सर, ना म्हणजे चा." वर्ग फुटला. त्याच्या अहिराणीला आम्ही असेही हसायचोच. तो बिचारा कानशिलं लाल करून उभा. सर म्हणाले, "वाक्य कर." तो पुटपुटला, "मना गावना कांदा." म्हणजे माझ्या गावचा कांदा. सरांनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, दोन्ही 'ना' अधोरेखित केले आणि हसणाऱ्यांकडे बघून विचारलं, "यात चूक काय आहे?"

सराफ बाजाराजवळच्या गुजराती दुकानदाराचा मुलगा आपसूक उठला. म्हणाला, "आमच्यात पण असंच. घरना माणसो, म्हणजे घरची माणसं. आणि नको म्हणायचं तरी ना." तेव्हा सरांनी नकाशा काढायला लावला. सटाण्याचा बागलाण तालुका कुठे, त्याला लागून गुजरातचा डांग कुठे, हे बोटाने दाखवलं. सटाण्याच्या पोराची भाषा अशुद्ध मराठी नव्हती, तिचे शेजारीपाजारी वेगळे होते. हे मला त्या दिवशी कळलं. त्याला कदाचित आधीपासून माहीत असावं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग फळा भरत गेला. पंचवटीतला एक जण होता. त्याचे वडील रामकुंडावर विधी सांगायचे. त्याने डोळे मिटून "ना, नरौ, नरः" म्हटलं. संस्कृतात 'नृ' शब्दाची प्रथमा, 'ना' म्हणजे माणूस. देवळाली कॅम्पातून येणारा तेलुगू मुलगा सहसा तोंड उघडत नसे. सरांनी त्यालाही उठवलं. तो म्हणाला, "ना पेरु..." आणि पुढे त्याचं नाव. पण पुढचं कुणी ऐकलंच नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पेरूची गाडी लागायची, मीठ-तिखट लावून. आम्हाला वाटलं, हा पेरू नको म्हणतोय! तेलुगूत 'ना' म्हणजे माझं आणि 'पेरु' म्हणजे नाव. दहावी होईपर्यंत त्याला आम्ही पेरूच म्हणायचो. मधल्या सुट्टीत कुणी खरा पेरू पुढे केला की तो हात पुढे करून म्हणायचा, "ना!" तेलुगू अर्थाने.

सरांनी स्वतःची भर घातली ती अशी. गोव्याकडे 'येना' म्हणजे येत नाही. ऋग्वेदात 'न' कधी 'नाही' असतो, तर कधी 'सारखा', उपमेचा. कुठला 'न' कुठे, हे संदर्भावरून ओळखायचं. आणि मग प्रगतिपुस्तकातला शब्द घेतला. नापास! यातला 'ना' फारसीचा, नाराज, नालायक, नापसंत यांच्या घरातला. 'पास' इंग्रजीचा. "ना इराणचा, पास विलायतेचा," सर म्हणाले, "फक्त नापास होणारा तेवढा अस्सल आपला." तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते असं मी अजूनही म्हणतो.

तास संपता संपता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला बऱ्याच वर्षांनी उपयोगी पडली. संस्कृतचा न, फारसीचा ना, इंग्रजीचा नो, रशियनचा न्येत हे खरोखर एका कुळातले, फार जुन्या एकाच मुळाचे. पण तेलुगूचा 'ना' त्यांचा कुणी नाही. आडनाव एक म्हणून भाऊबंद होत नाहीत, तसंच. एका अक्षराचा शब्द, 'न' म्हणायला सोपा, 'आ' त्याहून सोपा. जगातल्या भाषा इतक्या, अक्षरं त्या मानाने थोडी. कुणाचं ना कुणाचं आडनाव जुळणारच.

दहावीनंतर मी सातपूरच्या आयटीआयला गेलो आणि पुढे ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो. 1964 साली मिग विमानांसाठी उभा राहिलेला कारखाना. ड्रॉइंग रशियन, मोजमापं रशियन आणि अधूनमधून रशियन तज्ज्ञही येत. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका तज्ज्ञाने टॉर्कचा पाना माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "ना!" मी हात मागे घेतला. त्याने पाना आणखी पुढे केला, "ना, ना!" मी आणखी एक पाऊल मागे. द्यायचा नाही तर दाखवतो कशाला, असं माझ्या मनात. त्याचा चेहरा लाल व्हायला लागला तेव्हा दुभाषी धावत आला. रशियनमध्ये 'ना' म्हणजे 'घे, धर'. नकोसाठी त्यांच्याकडे न्येत आहे. आणि हाच ना दुसऱ्या शब्दाआधी आला की 'वर' होतो. ना स्तल्ये, टेबलावर. मी घरी येऊन ती जुनी वही शोधली आणि रेघांच्या खाली लिहिलं: रशियन, घे. वर.

तेव्हापासून त्या पानावर भर पडतेय. स्वाहिलीत 'ना' म्हणजे आणि. तमिळमध्ये 'ना' म्हणजे जीभ, याच्याइतका चपखल अर्थ मला दुसऱ्या भाषेत सापडला नाही. कोरियनमध्ये 'ना' म्हणजे मी. चिनी आणि थाई लोकांनी तर सूर बदलून कमाल केली आहे. चिनीत एका सुरात 'ते', दुसऱ्या सुरात 'उचल', तिसऱ्यात 'कुठलं?'. थाईत एका सुरात भाताचं शेत, दुसऱ्यात चेहरा, तिसऱ्यात आईची धाकटी भावंडं. शिवाय वाक्याच्या शेवटी लाडीगोडीचा 'ना', तो थेट आपलाच वाटावा असा. आपल्या सरकारी कागदावरचा 'ना हरकत दाखला' मात्र मी पानावर घेतलेला नाही. घराच्या कामासाठी एका कार्यालयात त्याच्यासाठी इतक्या चकरा मारल्यात की त्यात ना कुठे संपतो आणि हरकत कुठे सुरू होते ते मला सांगता येणार नाही.

सगळ्यात गंमत आली ती गेल्या वर्षी. धाकटी मुलगी पुण्यात जपानी शिकते. तिची वही सहज चाळत होतो. 'इकु' म्हणजे जाणे आणि 'इकु ना' म्हणजे जाऊ नको. म्हटलं, वा, नकार! पुढच्या पानावर 'ई ना', म्हणजे छान आहे ना! एकाच शब्दात नकार पण आणि लाडीगोडी पण, वाक्याच्या शेवटीच, नेमकी आपल्यासारखी विभागणी. मी तिला म्हणालो, हे आपल्याकडून गेलं असणार. ती म्हणाली, "बाबा, काहीही." सरांचं आडनावाचं उदाहरण मग मीच तिला सांगितलं आणि गप्प बसलो.

सर आता इंदिरानगरला मुलाकडे असतात. ऐंशी उलटलेत, कानाला कमी येतं. दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा सटाण्याचा मित्रही बरोबर होता, स्वतःच्या मळ्यातली डाळिंबं घेऊन. "मना मळाना शेतस," माझ्या मळ्यातली आहेत, असं त्याने मुद्दाम सरांच्या कानात मोठ्याने सांगितलं. सर खूश. मी वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पान अगदी डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ वाचलं आणि विचारलं, "जपानीत 'कळलं ना?' कसं म्हणायचं मग?"

मला माहीत नव्हतं. तिथूनच मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "वाकात्ता ना? पण बाबा, हे थोरांनी धाकट्यांना दटावताना म्हणायचं हं, तुम्ही सरांना नाही."

मी सरांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी दोनदा जुळवून बघितलं. "वाकात्ता ना. वाकात्ता ना?" मग माझ्या खिशातलं पेन मागितलं, त्या जुन्या रेघांच्या शेवटी, जिथे एक रेघ एकटीच उभी होती तिथे तिच्या शेजारी दुसरी ओढली आणि वही परत दिली.

"बेचाळीस," सर म्हणाले.

— एक माजी विद्यार्थी, दहावी 'ब', 1984