एका नावाची दोन ग्रिलं

ठाण्यात कुणालाही सांगून बघा, "रविवारी ग्रिल साफ करायचंय." समोरचा हमखास खिडकीकडे बघतो. मग सल्ला सुरू होतो: आधी पॉलिश पेपर मारा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, वर ऑइल पेंट, दोन वर्षं बघायला नको. आपल्याकडे ग्रिल म्हणजे खिडकीचं. त्यात तुळस, वाळत घातलेली पायपुसणी, झाकण हरवलेला कुकर आणि ठाण मांडून बसलेलं कबुतर. आता याच ग्रिलच्या आत, कुंड्यांच्या मागे, बांगडे भाजायचं दुसरं ग्रिल येऊन बसलंय. दोघांचं नाव एक, शत्रूही एकच, तो म्हणजे खाडीवरून येणारी दमट, खारट हवा. इलाज मात्र उलटे. पहिल्याला रंगाशिवाय जगता येत नाही आणि दुसऱ्याच्या जाळीला रंग लागला की ती जाळी भंगारात.

दुसऱ्याची खरी अवस्था बघायची तर १ जानेवारीच्या दुपारी घोडबंदर रोडच्या बाल्कन्यांकडे मान वर करून बघावं. झाकण उघडं, आत रात्रीची राख, जाळीवर पनीरचा एक कोळसा, कडेला पिळलेलं लिंबू. घर अजून झोपलेलं असतं. गंज मात्र कामाला लागलेला असतो. लाकडी कोळशाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढून धरतात. त्यात मॅरिनेशनचं मीठ, दही आणि लिंबू टपकलेलं. असा ओला लेप पत्र्याला रात्रभर लावून ठेवल्यावर वेगळं काय होणार? परदेशी माहितीपुस्तिकांत कधी कधी लिहिलेलं असतं की तळाशी बोटभर राख राहू द्यावी, उष्णता टिकते. तिथे राहत असेल. ऐरोली-नेरूळमध्ये राख दुसऱ्या दिवशी काढायची म्हणजे काढायची.

आणि हीच राख एकेकाळी आपली भांडी घासायची! चाळीच्या गॅलरीत सकाळी रांगेने शेगड्या बाहेर, फुंकणीचा आवाज, धूर आधी शेजारच्यांच्या घरात आणि मग आपल्या. दुपारी मोरीत नारळाची शेंडी, चिमूटभर ओली राख आणि पितळी पातेली. शेगडीच्या पोटात शिळी राख मात्र कुणी ठेवत नसे. सकाळचं पहिलं काम म्हणजे ती झाडून काढणं, नाहीतर खालून वारा लागत नाही आणि निखारे धरत नाहीत. राखेचा अल्कली ओशटपणा कापतो, म्हणून ती घासायला उत्तम. स्टीलच्या जाळीवर आजही ओली राख आणि शेंडी चालते, फक्त लगेच धुऊन टाकायची. घासायला ठेवा, वस्तीला नको, एवढाच हिशेब. तर ते असो.

राख दुसऱ्या दिवशी, पण जाळी घासायची वेळ दुसरा दिवस नव्हे. शेवटचा तुकडा उतरला की जाळी उचलायची नाही, झाकण लावून निखाऱ्यांवर १०-१५ मिनिटं तशीच राहू द्यायची. चरबी जळून ठिसूळ होते आणि घासली की भुगा होऊन पडते. तीच चरबी सकाळपर्यंत डिंकासारखी होते, मग तासभर मनगट दुखवा. घासायला तारेचा ब्रश नकोच. जुन्या ब्रशची तार तुटते, जाळीला चिकटते, जाळीवरून माशाला. बांगडा खाणाऱ्याला काट्याची सवय असते, त्यामुळे घशात टोचलं तरी आधी काटाच वाटतो. लांब चिमट्यात नारळाची शेंडी धरावी, पाण्यात बुडवून पिळून घ्यावी आणि गरम जाळीवर फिरवावी. वाफेने किटण सुटतं. शेवटी अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवला की झालं.

मासा चिकटतो तो मात्र बहुतेक वेळा घाईने, घाणीने नाही. जाळी पुरेशी तापली नसेल तर तो धातूला धरून बसतो. जाळी तापू द्यायची, तेल माशाला लावायचं आणि मासा आपणहून सुटेपर्यंत हात आवरायचा. शेवटची गोष्ट कुणालाच जमत नाही.

जाळी बिडाची असेल तर आजीचा तवा आठवावा, वेगळं शास्त्र नाही. धुतली की विस्तवावर खडखडीत सुकवायची. मग चमचाभर जवसाचं किंवा सूर्यफुलाचं तेल फडक्याने लावायचं आणि चुकून लागलं असावं अशा थाटात कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. मग २०० ते २३० अंशांवर तासभर. असं तीनदा. तेल जास्त राहिलं तर थर चिकट होतो आणि त्यावर खाडीकाठचे सगळी चिलटं येऊन बसतात. खोबरेल नको, ते वाळून थर धरत नाही. गंज चढलाच असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, तास-दोन तास, मधेमधे बघत. रात्रभर ठेवलं तर गंजाबरोबर लोखंडही जातं. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच आचेवर, कारण ओलं उघडं बीड डोळ्यांदेखत तांबूस होतं.

ओशट ट्रेसाठी एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, तासभर. ट्रे ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा नको, काळा पडतो. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटले की लोक रंग निघाला म्हणून घाबरतात. तो रंग नसतो, धूर आणि चरबीचा साठलेला थर असतो. लाकडी कालथ्याने खरवडा.

जाळी मोडल्यावर जांभळी नाक्याकडून जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, जाळी कापून आणायचा मोह होतो. स्वस्त असते, चकचकीत असते. पण तो चकचकाट जस्ताचा. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि फुललेला निखारा त्याच्या कितीतरी वर असतो. ती जाळी खिडकीला लावा, कबुतरांसाठी. स्टील घ्यायचं तर ३०४ या प्रतीचं मागावं. लोहचुंबक लावून बघण्यात अर्थ नाही, कमी निकेलचं २०२ सुद्धा चुंबकाला दाद देत नाही.

तलावपाळीवरच्या कणीसवाल्याची जाळी कधी घासलेली दिसत नाही, तरी तिला गंज नाही. कारण ती रोज तापते. आपलं ग्रिल वर्षातून चारदा तापतं आणि उरलेले दिवस भिजतं. म्हणून जूनच्या आधी राख पूर्ण काढून, जाळीला तेलाचा हात देऊन वर्तमानपत्रात गुंडाळावी आणि घरात ठेवावी. बाहेर राहिलेल्या सांगाड्यावर प्लॅस्टिक घट्ट बांधू नये, आत घाम धरतो. कोळसा पत्र्याच्या बंद डब्यात. दमट कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो, नुसता धूर देतो. विझलेला वाटणारा निखारा राखेखाली दिवसभरही जिवंत राहू शकतो, म्हणून राख दोन दिवसांनी काढली तरी पत्र्यातच, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही.

आणि एखाद्या जूनच्या संध्याकाळी येऊरच्या बाजूने काळं भरून येईल, शिंतोडे सुरू होतील, अर्धे बोंबील जाळीवर असतील. कुणीतरी म्हणेल, शेगडी आत घ्या, स्लायडिंग लावून घ्या, भिजेल. घेऊ नका. पेटत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं आणि झोप येते. धूर दिसेनासा होऊन निखारे छान लाल झाले तरी हा वायू निघतच असतो. भिजू दे शेगडी. बीड तडकलं तर तडकलं, जाळी नवी मिळते.