जाम झालेले स्पार्क प्लग काढताना

चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की माझी पिकअप गाडी हिसके द्यायची आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायचा. स्कॅनर लावला, कोड आला पी०३०६. म्हणजे सहाव्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तिथलं पेट्रोल दर वेळी पेटत नाहीये. गाडी सेकंडहँड, आणि आधीच्या मालकाने स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडतात ते) कधी बदलले याची कागदोपत्री कुठेच नोंद नाही. साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलतात, इरिडियमचे लाखभर चालतात. ओडोमीटर बघितल्यावर मला शंकाच उरली नाही: आत बसलेत ते कारखान्यातून आलेलेच. (डिझेल इंजिन असतं तर हा उपद्व्यापच नव्हता, त्याला स्पार्क प्लग नसतातच.)

इंजिन सहा सिलिंडरचं, व्ही आकाराचं, हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतात) अ‍ॅल्युमिनियमचं. सगळी भीती त्या हेडचीच. प्लगची बॉडी पोलादाची आणि ज्यात तो बसतो ते आटे अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे प्लगपेक्षा मऊ. वर्षानुवर्षं तापणं-थंड होणं चालू असतं, कुठून तरी ओल शिरते, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असल्यामुळे आट्यांत पांढरी भुकटी धरते. खालच्या टोकाला काजळी जळून दगडासारखी कडक होते. जोर लावला की प्लगचे आटे शाबूत राहतात आणि हेडचे सोलून निघतात. प्लगची किंमत किरकोळ. हेड उतरवायची वेळ आली तर खर्च विचारू नये.

आधी प्लगना व्होल्टेज देणाऱ्या कॉइल काढल्या. त्यांचे रबरी बूट इतके चिकटले होते की सरळ ओढले असते तर अर्धे खालीच राहिले असते. आधी थोडे डावी-उजवीकडे फिरवायचे, सुटले की वर. मग प्लगच्या प्रत्येक खड्ड्यात कॉम्प्रेसरची हवा मारली. चष्मा लावूनच, कारण वाळू, सुकी पानं, गंजाचे पापुद्रे सगळं तोंडावर येतं. हे काम प्लग हलवायच्या आधीच व्हायला हवं. प्लग निघाल्यावर तोच कचरा थेट सिलिंडरमध्ये.

गरम इंजिनवर की थंड, यावर दोन तट आहेत. गरमवाल्यांचं गणित अगदीच चुकीचं नाही: अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक सैल होतं. पण गरम अ‍ॅल्युमिनियम आणखी मऊ असतं, आटे खरवडले जायचा धोका तेव्हाच जास्त. बहुतेक मॅन्युअल थंड इंजिन सांगतात. मी गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी हात घातला.

पहिले दोन प्लग ‘कट्’ असा कोरडा आवाज करून सुटले. तो आवाज ऐकू आला की जीव भांड्यात पडतो. तिसऱ्याला आवाजच नाही. रॅचेटचा दांडा फिरतोय, पण प्लग जागचा हलत नाहीये. मधलं लांब एक्स्टेन्शन, म्हणजे रॅचेट आणि सॉकेट जोडणारी दांडी, पीळ खातंय. हा फरक हाताला कळायला हवा. प्लग सुटताना एकदम झटका बसतो आणि जोर कमी लागतो. एक्स्टेन्शन पिळलं जात असेल तर जोर वाढतच जातो आणि दांडा सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो. मागे येतोय म्हणजे थांबायचं.

मित्र बाजूलाच उभा होता. “अरे, इम्पॅक्ट गन लाव, दोन मिनिटांत बाहेर येईल.” ती ठोके देत नट सोडवणारी मशीन. येईल, आटे घेऊनच येईल. गनला हात नसतो, तिला काही कळत नाही. मी तिसऱ्याच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडलं आणि चहाला गेलो. परत आल्यावर सोडवण्याआधी उलट, म्हणजे आवळायच्या दिशेने, अगदी हलका दाब दिला. ऐकायला विचित्र वाटतं, पण बसलेला गंज त्यानेच तडकतो. मग डावीकडे. सुटला.

खरी परीक्षा सहाव्याची. तो सगळ्यात मागे, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, खेटून. तिथे डोळा पोचत नाही, हात कसाबसा पोचतो. सॉकेट तिरकं बसलं तर वरची चिनी माती तडकते, म्हणून वाकणारा जॉइंट सॉकेटला थेट न लावता मध्ये छोटं एक्स्टेन्शन घातलं. तो सुटला सहज, पण अर्धा फेरा झाल्यावर किरकिरायला लागला. बारीक, दात शिवशिवणारा आवाज. आट्यांत काजळी अडकली की हा आवाज येतो, आणि इथेच लोक ‘आता सुटलाच आहे’ म्हणून ओढत सुटतात. मी पाव फेरा पुन्हा आत घातला, तेल सोडलं, थांबलो. मग पाव बाहेर, थोडा आत, पुन्हा पाव बाहेर. प्रत्येक वेळी किरकिर थोडी कमी. बराच वेळ गेला, पण शेवटचे आटे बोटांनी फिरवून काढता आले.

प्लग बाहेर आल्यावर मिसिंगचं कारण लगेच दिसलं. मधला इलेक्ट्रोड झिजून गोल झालेला, फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घातला तर गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, दीड मिलिमीटरच्याही वर. असायला हवा होता १.१. एवढी फट ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं, आणि चढावर, जेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा ठिणगी पडतच नाही. बाकीच्यांचं टोक फिकट तपकिरी होतं, म्हणजे इंजिन नीट जळतंय. काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं फोडं आलेलं असतं तर इंजिन अति तापतंय.

तेल सिलिंडरमध्येही उतरलेलं असतं, ते तसंच ठेवून प्लग बसवू नयेत. फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, कॉइल बाजूलाच होत्या, भोकांवर फडकं टाकलं आणि दोन-तीनदा सेल्फ मारला. फडक्यावर काळपट डाग उठले. सहाव्याच्या आट्यांतून ग्रीस लावलेला थ्रेड चेसर (आटे साफ करायचं हत्यार) हळूच फिरवला. ग्रीसमुळे कचरा त्यालाच चिकटून वर येतो.

नवे प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून बोटांनी बसवले. आटा चुकीचा धरला तर नळी घसरते, हेड वाचतं. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावलं नाही. प्लगवर निकेलचा मुलामा असेल तर त्याची गरज नसते, आणि वंगण लावून तोच टॉर्क (पिळाचा जोर) दिला तर प्लग प्रत्यक्षात जास्तच आवळला जातो. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. रेंच नसेल तर, वायसरवाला नवा १४ मिलिमीटरचा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. कॉइलच्या बुटांत मात्र डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या, ग्रीसचा पातळ हात दिला.

गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमधून थोडा वेळ पांढरा धूर आला, उरलेलं तेल जळत होतं. मग आयडलिंग एकसारखं झालं, कोड पुसला, चढावर हिसका नाही. फक्त तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात इंजिन ऑइल साचलेलं सापडलं होतं, म्हणजे टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय. ते मागवलंय.