झाकण उघडेना!

आजचं प्रदर्शन पावसात वाहून गेलं म्हणायला हरकत नाही. सकाळी मैदानात मांडामांड केली तेव्हा आभाळ नुसतं दाटलेलं. ११ वाजता पावसाने जो जोर धरला तो ४ पर्यंत. मांडवाच्या कापडात पाणी साचून पोटं लोंबायला लागली. मी आणि शेजारची मातीची भांडी करणारी ताई आळीपाळीने काठीने ढोसत होतो.

खरी फजिती पुढेच. एक आजोबा छत्री मिटत आले, मी बनवलेली सरकत्या झाकणाची लाकडी पेटी उचलली आणि झाकण ढिम्म हलेना. घरी कसं लोण्यासारखं सरकत होतं! चूक माझीच. दमट हवेत लाकूड ओलावा पितं आणि आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. मी कोरड्या दिवसांत कौतुकाने झाकण अगदी घट्ट बेतलेलं, खाचेत केसभरही जागा नाही. रुंदी वाढली, दोन्हीकडे अडकलं. जवसाचं तेल चोळलं की काळजी मिटली, हा माझा भाबडा समज. तेलाने ओलावा उशिरा शिरतो, एवढंच.

"पावसाळ्यात माझे गुडघेपण असेच," आजोबा म्हणाले. पेटी घेतली नाही, गप्पा मात्र तासभर.

विक्री: २ लाकडी चमचे. (दोन्ही मैत्रिणीनेच घेतले, मोजायचे का?)

पेटी आता सावलीत सुकतेय. घाईने सुकवली तर तडकेल. मग झाकणाच्या कडांवर रंध्याचे दोन हात.

पुढच्या रविवारी पुन्हा उघड्यावरच मांडायचंय. कोणाकडे जास्तीची ताडपत्री आहे का?