१५६६ नाही, १५६७: एलिझाबेथच्या सिक्सपेन्सची चिठ्ठी बदलली

मागच्या नोंदीत इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या या सिक्सपेन्सवर (सहा पेन्सचं चांदीचं नाणं) ‘१५६६, पोर्टकलिस’ अशी चिठ्ठी लागली होती. पोर्टकलिस म्हणजे किल्ल्याच्या दाराची वर-खाली सरकणारी जाळी. ती काढावी लागली. सालाचा शेवटचा आकडा चुकला होता आणि मिंटमार्कही (टांकसाळीनं नाण्यावर घातलेलं छोटं चिन्ह), आणि दोन्ही चुकांचं मूळ एकच निघालं: ज्या पाकिटातून नाणं आलं ते मऊ प्लॅस्टिकचं पाकीट.

मऊ पीव्हीसीतून चिकट द्रव्य झिरपतं आणि आम्लही सुटतं. स्टर्लिंग चांदीत हजारी ७५ भाग तांबं असतं, त्या तांब्यावर हे आम्ल चढतं आणि हिरवट थर बसतो. तो उंच भागावर फारसा दिसत नाही, अक्षरांच्या नि आकड्यांच्या खाचेत साचतो. इथे नेमका शेवटच्या आकड्याच्या बुडाशी साचला आणि त्यातून गोल पोट असलेला इंग्रजी सहा ‘दिसला’. मिंटमार्कच्या उभ्या टोकांमधल्या फटीही त्यानंच भरल्या आणि पोर्टकलिसच्या जाळीचा भास झाला. इतकी जुनी चांदी अशा पाकिटात घालून विकणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं काही रुपयांनी महाग पडतात, तेवढंच.

थर काढायला शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो आणि वाळल्यावर त्याचाच पापुद्रा राहतो. झाकणाची काचेची वाटी, खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही. पहिली बुडी ३० मिनिटांची, मग ताजं ॲसिटोन घेऊन तेवढीच दुसरी, शेवटी आणखी ताज्यात एक खंगाळणी आणि नाणं हवेवर वाळवायचं. घासायचं अजिबात नाही, कापसानंही नाही. ॲसिटोन काळपट झाकेला धक्का लावत नाही, कारण ती चांदीच्या सल्फाइडची असते, आणि ती राहायलाच हवी. सिल्व्हर डिप (चांदी उजळायचं रसायन) वापरू नका हे आधीही लिहिलंय: झिजलेल्या नाण्यावर खोलगट भागातली ती काळी रेघच आकडा वाचायला मदत करते. डिपनं ती गेली की राहते सपाट पांढरी चकती.

थर गेला तरी आकडा लगेच उघडा पडला नाही. सिक्सपेन्सच्या मागच्या बाजूला साल ढालीच्या वर असतं, क्रॉसच्या वरच्या दांडीनं दुभागलेलं: डावीकडे १५, उजवीकडे उरलेले दोन अंक. या नाण्यात राणीच्या चेहऱ्याचा सर्वांत उंच भाग बरोबर शेवटच्या अंकाच्या पाठीमागे येतो. हातोड्याचा घाव पडला तेव्हा धातू त्या उंचवट्यात भरायला धावला आणि उलट बाजूचा अंक उपाशी राहिला. म्हणजे हा अंक झिजण्याआधीच अर्धवट उठलेला होता. (आपल्या मराठा रुपयांत टांकसाळीचं नाव चकतीबाहेर जातं, कारण ठसा चकतीपेक्षा मोठा. इथे ठसा चकतीवर पूर्ण मावतो, तरी वाचताना तेवढेच हाल.)

रिंग लाइट अशा कामाला निरुपयोगी: सगळीकडून सारखा उजेड पडला की सावली मरते. एकच छोटा एलईडी, पृष्ठभागापासून १० ते १५ अंशांवर. कॅमेरा आणि नाणं हलवायचं नाही. दिवा घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे ३० अंशांनी फिरवायचा, असे १२ फोटो. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानं बांधून ठेवायचा, शटर टायमरवर.

ते गिंपमध्ये (फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर) एकावर एक रचतानाच युक्ती सुचली. ठशावरचा प्रत्येक आकडा पोलादी पंचानं उठवलेला असतो. सालाचा तिसरा अंक सहा आहे आणि तो स्वच्छ वाचता येतो. शेवटचाही सहा असेल तर बहुतेक त्याच पंचाचा असणार. मग तिसरा अंक कापून, थर अर्धपारदर्शक करून चौथ्यावर ठेवला. उंची जुळली, पोट जुळलं नाही. उलटा फिरवून नऊ म्हणून ठेवला, तेव्हाही नाही. आठाचा खालचा गोलही कुठे सापडेना. दिवा ४ वाजताच्या जागी असताना वर एक आडवी रेघ आणि तिच्या उजव्या टोकापासून खाली डावीकडे उतरणारी तिरपी रेघ दिसली. इंग्रजी सात. दिवा १० वाजताच्या जागी नेला तेव्हा तीच रेघ सावलीच्या दुसऱ्या बाजूनं उठली. दोन्ही दिशांनी दिसते ती रेघ खरी, एकाच दिशेनं दिसते तो बहुधा ओरखडा.

१५६७ म्हटलं की पोर्टकलिस बाद, ते चिन्ह १५६६ चं. उरतात सिंह, जो १५६६ आणि १५६७ दोन्ही सालांवर येतो, आणि कोरोनेट (छोटा मुकुट), जो १५६७ पासून १५७० पर्यंत चालतो. ही चिन्हं सजावटीची नव्हेत. पिक्सच्या चाचणीत (टांकसाळीच्या नाण्यांचा कस आणि वजन तपासायची अधिकृत चाचणी) कुठल्या मुदतीचा माल तपासला जातोय ते कळावं म्हणून टांकसाळ ती बदलत असे. मागच्या बाजूच्या अर्धवट चिन्हाला खाली सलग सरळ पट्टी आहे आणि तीवर तीन टोकं. सिंहाच्या पायांची कड अशी सरळ येणार नाही. म्हणून कोरोनेट.

पोर्टकलिसचा मोह पडण्याला इतिहासही कारण होता. १५६० मध्ये एलिझाबेथनं तिच्या वडिलांपासून चालत आलेल्या हिणकस टेस्टूनांची (शिलिंगच्या जुन्या नाण्यांची) किंमत उतरवली, तेव्हा बऱ्यातल्यांवर पोर्टकलिसचा शिक्का मारून त्यांना साडेचार पेन्स भाव दिला, वाईटांवर ग्रेहाउंड (शिकारी कुत्रा) मारून सव्वादोन. पण तो वेगळा शिक्का, जुन्या नाण्यावर वरून मारलेला. मिंटमार्कशी त्याचा संबंध नाही. १५६१ पासून नवी चांदी आली तेव्हा मूल्यांची गल्लत होऊ नये म्हणून सिक्सपेन्सवर डोक्यामागे गुलाब आणि मागे साल घातलं. शिलिंग (बारा पेन्स) तर १५६१ नंतर थेट १५८२ मध्ये पुन्हा पडू लागलं, म्हणून मधली दोन दशकं व्यवहाराचा भार सिक्सपेन्सनं वाहिला. आपलं नाणं इतकं गुळगुळीत का, याचं उत्तर तिथे आहे, आणि १६९६ मध्ये जुनी नाणी वितळवून नवी पाडली तोपर्यंत अशी नाणी चालत राहिली यातही.

वजन २.७४३ ग्रॅम. ठरलेलं ४८ ग्रेन, म्हणजे ३.११ ग्रॅम. सुमारे १२ टक्के तूट, आणि बाहेरचं मण्यांचं वर्तुळ अर्ध्याहून अधिक गायब. म्हणजे झिजेबरोबर कड कातरलेलीही आहे.

आत तांबं असलेलं जुनं बनावट नाणं असण्याची शंका विशिष्ट घनतेनं मिटली. पाण्यात टांगल्यावर घट ०.२६५ ग्रॅम, घनता १०.३५, स्टर्लिंगला साजेशी. मात्र ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर हा प्रयोग करू नका. घट ०.२६ आली की उत्तर १०.५४, ०.२७ आली की १०.१५, आणि दोन्हींतून काहीच ठरत नाही. ०.००१ ग्रॅमचा काटा हवा. नाण्याला बुडबुडा चिकटला तर घनता कमी दिसते, म्हणून उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब.

पुढची बाजू अजून अडली आहे. मुकुटावरचं चिन्ह कातरणीत गेलंय, तिथे फक्त एक बुंधा उरला आहे. दोन्ही बाजूंना सहसा एकच चिन्ह असतं, पण ठसे बदलताना जुना-नवा जोड जुळवल्याची उदाहरणं आहेत, म्हणून मागच्या बाजूवरून पुढची गृहीत धरता येत नाही. आधी त्या बाजूचेही १२ फोटो घ्यायचं ठरलं होतं. तो बेत मागे पडला. जिथे धातूच उरला नाही तिथे प्रकाश काय दाखवणार? त्याऐवजी ब्रिटिश म्युझियम चालवतं त्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या पुरावस्तूंच्या नोंदींचा प्रकल्प) ऑनलाइन नोंदींत १५६७ ची सिंह आणि कोरोनेट दोन्ही चिन्हांची नाणी काढून पुढच्या ठशाशी जुळवायची. खूण पक्की आहे: गुलाबाची खालची पाकळी काठच्या अक्षरांच्या आतल्या मण्यांच्या वर्तुळाला टेकते आणि त्याच जागी वर्तुळाचे दोन मणी एकमेकांत मिसळलेत. कुणाच्या संग्रहात असा ठसा असेल तर गुलाबाचा जवळून काढलेला फोटो पाठवा, दिवा डावीकडून ठेवून.

चिठ्ठीवर सध्या पेन्सिलीनं: १५६७, मागे कोरोनेट, पुढे बाकी.