तुम्ही विचारलंत म्हणून: रूबीत टेस्ट किती लिहायच्या?

"दादा, रूबीत कोड क्लीन कसा ठेवायचा, आणि टेस्ट किती लिहायच्या?" नाशकातली इंजिनिअरिंगची पोरं भेटली की हे हमखास विचारतात (रूबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, टेस्ट म्हणजे आपला कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड), आणि बहुतेकांना आकडा हवा असतो, कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये चाललेल्या ओळी, 90 टक्के झालं की सुटलो. सिम्पलकॉव्ह हे टूल तो आकडा देतं, पण त्याला एवढंच कळतं की टेस्ट चालताना ही ओळ चालली, बरोबर चालली का ते त्याला काय माहीत.

माझं म्हणणं असं की टेस्ट लिहायला जड जात असेल तर टेस्टला शिव्या घालू नका, कोडकडे बघा.

आपल्याकडचंच घ्या ना, कांद्याच्या लिलावाची हिशोबपट्टी. वजन गुणिले भाव, जी काय कपात असेल ती वजा, संपलं. पण पोरं काय करतात, एकच मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा) डेटाबेसमधून गाडीची नोंद काढते, गुणाकार करते, आजची तारीख टाकते, पीडीएफ बनवते आणि वर एसएमएसही पाठवते, मग टेस्टला बसलं की निम्मा वेळ खोटा डेटाबेस नि खोटा एसएमएस उभा करण्यातच जातो. (असा खोटा ऑब्जेक्ट म्हणजे डबल, तो वापरायचाच तर आरस्पेक या टेस्ट लायब्ररीचा इन्स्टन्स डबल वापरा, खऱ्या क्लासमध्ये ती मेथडच नसेल तर तो ओरडतो, साधा डबल गप्प बसतो.) त्यापेक्षा हिशोब तेवढा साध्या रूबी क्लासमध्ये काढा, वजन, भाव, तारीख बाहेरून द्या.

तारीख का बाहेरून? सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटे चारला नोंदलेल्या ट्रॅक्टरला डेट डॉट टुडे (मशीनच्या घड्याळाची आजची तारीख) कालची तारीख चिकटवणार, आणि तुमच्या लॅपटॉपवर भारतीय वेळ, म्हणून तिथं टेस्ट हिरवीगार, म्हणजे पास. रेल्समध्ये (रूबीचं वेब फ्रेमवर्क) टाइमझोन कोलकाता ठेवा, त्या टाइमझोनची तारीख देणारं डेट डॉट करंट एकाच जागी वापरा, आणि त्या जागेची टेस्ट ट्रॅव्हल टू नं, म्हणजे टेस्टपुरतं घड्याळ हलवणाऱ्या मेथडनं, पहाटे चार वाजवून लिहा.

पैशाचंही तेच. फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) 0.1 + 0.2 केलं की 0.30000000000000004 येतं, म्हणून दशांश अचूक ठेवणारा बिगडेसिमल, नाहीतर रुपयांऐवजी सरळ पैसे मोजून पूर्णांक. आणि टेस्टला गोल आकडे नकोत, 10 क्विंटल 2000 भाव कुठल्याही कोडला जमतो, 12.37 क्विंटल नि 1851 भाव द्या, कपात शून्य ठेवा आणि 22896.87 हे उत्तर हातानं काढून लिहा, टेस्टमध्ये तोच फॉर्म्युला परत लिहिलात तर दोघं मिळून चुकतील.

कोडची शैली तपासणारं रूबोकॉप लावाच, पण त्याच्या 'मेथड दहा ओळींचीच' या नियमासाठी उगाच मेथडचे तुकडे पाडू नका.

टेस्ट लिहायला लायब्ररी कुठली, आरस्पेक की मिनीटेस्ट? टीममध्ये असेल ते. नवीन प्रोजेक्टला मी मिनीटेस्ट घेतो, रेल्समध्ये आधीपासून असतंच, शिवाय टेस्ट उलटसुलट क्रमानं चालवतं, त्यामुळे एकीच्या उरलेल्या डेटावर दुसरी पास होत असेल तर ते लवकर उघडं पडतं.