उंच पिव्होटची सायकल: सगळा खेळ चेनचा

क्रोमोली पोलादाच्या नळ्यांतून मापाने करून घेतलेल्या माझ्या माउंटन बाइकच्या फ्रेमचा मुख्य पिव्होट (मागचं चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, ज्यावर फिरतो तो सांधा) चेनरिंगच्या, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या, बराच वर आहे. त्यामुळे मागचं चाक दगडावर आदळलं की वर उचललं जाताना थोडं मागेही सरकतं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या उभ्या कडांच्या दगडांवर याचा फायदा लगेच जाणवतो. चाक अडत नाही, वेग टिकतो. फ्रेंच रायडर आमोरी पिएरोंने 2018 चा डाउनहिल (उतारावरच्या शर्यतींचा) वर्ल्ड कप याच तत्त्वाच्या सायकलवर जिंकला.

पण चाक मागे सरकलं की चेन ताणली जाते आणि पेडल मागे ओढलं जातं. ते टाळायला पिव्होटजवळ दातेरी आयडलर, म्हणजे मोकळी फिरणारी छोटी चकती, असतो; चेनची वरची बाजू त्यावरून जाते. खालच्या बाजूची लांबी मात्र वाढतच राहते, आणि ती सगळी डिरेल्यरला, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, भरून काढावी लागते. मी शॉक (मागचे धक्के शोषणारा हवेचा भाग) पूर्ण उघडा, म्हणजे न दबलेला, असताना चेन कापली, ती आखूड पडली. पहिल्याच खोल दणक्याला डिरेल्यर फ्रेमला जोडणारा हँगर वाकला.

बरोबर पद्धत अशी: शॉकमधली सगळी हवा काढायची आणि मागचं चाक शेवटपर्यंत दाबून धरायचं. चेन मागच्या 51 दातांच्या चकतीवर घ्यायची. या स्थितीतही डिरेल्यरच्या पिंजऱ्याला (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाला) पुढे सरकायला थोडी जागा उरली पाहिजे. मग शॉक उघडून सर्वांत लहान चकतीवर चेन लोंबत नाही ना, ते बघायचं. आयडलरच्या वळशामुळे 126 कड्यांची चेन पुरली नाही, 132 लागल्या. दुसऱ्या चेनचा तुकडा आणखी एका क्विक लिंकने (सहज उघडणाऱ्या जोडकडीने) जोडला. दोन्ही चेन एकाच कंपनीच्या आणि नव्याच हव्यात, नाहीतर झिजलेल्या भागाशी नवा भाग नीट चालत नाही.

त्यानंतर करकर सुरू झाली. तेल घालून थांबेना. आयडलर काढून उजेडात धरला, तर दातांची फक्त आतली बाजू घासून चकचकीत झालेली. म्हणजे आयडलर चेनरिंगच्या रेषेत नव्हता. मागे 1 मिलिमीटरचा वॉशर घातला आणि आवाज गेला. आयडलरवर चेन पूर्ण ताणात वाकते, म्हणून इथे कोरडी चेन चालतच नाही. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर धुऊन, पुसून तेल द्यायचंच. चेन उतरवून आयडलर बोटाने फिरवला की बेअरिंगमधली खरखर लगेच कळते.

शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दबण्याची पूर्ण लांबी, 60 मिलिमीटर आहे. 30 टक्के सॅग (चालवणाऱ्याच्या नुसत्या वजनाने शॉक दबतो तो भाग) म्हणजे शॉकच्या दांड्यावर 18 मिलिमीटर. सॅग नेहमीच्या कपड्यांत, पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन, उभं राहून मोजावा. बसून मोजला तर मागे जास्त भार येतो आणि आकडा फसवा निघतो.

चालवायची सवयही बदलावी लागते. शॉक दबताना मागचं चाक मागे गेल्याने वजन पुढे येतं, म्हणून मी पुढच्या फोर्कमध्ये हवेचा दाब 5 पीएसआयने वाढवला. मॅन्युअल मारताना, म्हणजे पेडल न मारता पुढचं चाक उचलून चालवताना, नेहमीपेक्षा जास्त मागे झुकावं लागतं. माझ्या फ्रेमवर ब्रेक कॅलिपर स्विंगआर्मवरच आहे, त्यामुळे मागचा ब्रेक दाबला की सायकल मागे बसते आणि दणका शोषायला शॉकचा प्रवास कमी उरतो. दगडांच्या आधीच वेग कमी करून दगडांवर ब्रेक सोडला, तर हीच सायकल अलगद निघते.