मे महिना आणि लिथियमची गोळी

१७ मे, रात्री

दुपारी भाऊजी वावरातून आले आणि उभ्याउभ्याच पाण्याचा गडवा तोंडाला लावला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. थरथर होती, पण नेहमीएवढीच. पाणी हिंदकळलं नाही. पायरी चढताना तोल गेला नाही, बोलताना जीभ जड वाटली नाही. मग मी भाकरी टाकायला बसले.

उन्हाळ्यात हे बघणं आता अंगवळणी पडलं आहे. भाऊजींना बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी खोल उदासीत जातं, आणि त्यावर ते लिथियम घेतात. लिथियम हा एक क्षार. घाम फार गेला, हगवण लागली, अंगातलं पाणी आणि मीठ कमी पडलं, की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि त्याच्यासोबत लिथियमही. रक्तात ते लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल एवढं असावं लागतं. दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती. म्हणजे पावसाळ्यात जी मात्रा बरोबर बसते, तीच आमच्या मे महिन्यात जास्त होऊ शकते. पंचेचाळीस अंशात मजुरी करणाऱ्या माणसाला ही गोळी देताना हे सांगितलंच पाहिजे, आणि त्याच्या घरच्यांनाही.

आजार सुरू झाला तो हरभऱ्याच्या दिवसांत. कृषिपंपाची लाईन रातची असायची, त्यामुळे रातभर वावरात राहणं कोणाला वेगळं वाटलं नाही. पण ओलित करून सकाळी घरी आले तरी डोळ्यांत झोप नाही, थकवा नाही, चहा घेतला की पुन्हा बाहेर. मग ठिबकचे पाईप उधारीवर उचलून आणले. सगळ्या वावरात संत्रा लावतो म्हणायचे. रात्री दोन वाजता पाहुण्यांना फोन करून जमिनीचे भाव विचारायचे. बोलणं असं भरभर की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. आणि होळीनंतर सगळं एकदम विझलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आंघोळ नाही, जेवण नाही. "वहिनी, मले काहीच नोको," एवढंच बोलायचे.

गावाने आपापले इलाज सांगितले. बाहेरचं लागलं, रातचा बोरीखालून गेला असन. अंगारा झाला, उतारा झाला. एकाने सांगितलं, अमुक ठिकाणी नेऊन साखळीने बांधून ठेवा, महिन्याभरात उतरते. तेव्हा आई जशा उसळल्या तशा मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "माया पोराले साखळी? ढोर हाय का थो?" मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे, हे त्यांना कुठून माहीत असणार? तामिळनाडूत एरवाडीला ऑगस्ट २००१ मध्ये छपराला आग लागली आणि साखळीत अडकलेली २८ माणसं जळून गेली, हे मीही फार उशिरा वाचलं. वाचलं त्या रात्री आईंचा तो आवाज कानात घुमत होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पडून राहिलेल्या माणसाला आधी वेगळंच विचारलं. "याच्या अगोदर कधी असे दिवस होते का, की झोप नाही तरी एकदम ताजंतवानं?" मग आम्ही ओलिताच्या रात्री सांगितल्या. तो प्रश्न फार मोलाचा होता. बायपोलर माणसाला नुसत्या उदासीच्या गोळ्या दिल्या तर तो उलटा उन्मादात जाऊ शकतो.

हे औषध ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने १९४९ मध्ये जगापुढे मांडलं. त्याचा पहिला रुग्ण कित्येक वर्षांचा आजारी होता. तो सुधारला, घरी गेला, बरं वाटतं म्हणून गोळी सोडली आणि आजार परतला. पुढे त्याच औषधाची विषबाधा होऊन तो गेला. रक्तातलं प्रमाण मोजायची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. मला या माणसाची फार आठवण येते. भाऊजीही मधूनच विचारतात, "आता तं बरा हावो, काहून खाऊ?" त्यांना मी ही गोष्ट सांगितली आहे, गोळी सोडण्याचीही आणि विषबाधेचीही. दोन्ही कळायला पाहिजेत.

घरात काही गोष्टी आता ठरून गेल्या आहेत. आईंना बीपी आहे म्हणून त्यांची भाजी कमी मिठाची लागते. मी त्यांची वाटी आधी काढून घेते, मग बाकीच्या भाजीत नेहमीचं मीठ टाकते. भाऊजींचं मीठ एकाएकी कमी केलेलं चालत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं आहे : डायक्लोफेनॅक नाही, आयबुप्रोफेन नाही. या दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं, आणि आपल्याकडे कंबर धरली की पहिले सुईच टोचून घेतात. पॅरासिटामॉल चालतं. रातच्या लाईनची पाळी कायमची माझ्या नवऱ्याकडे. झोप भाऊजी स्वतः कॅलेंडरवर लिहितात. लागोपाठ दोन रात्री कमी दिसली की आम्ही फोन करतो. डॉक्टर नाही लागले तर १४४१६ आहेच. टेली-मानसचा हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. परवा मागच्या गल्लीतल्या काकू पोरीबद्दल हळूच विचारायला आल्या, त्यांनाही तोच लिहून दिला.

एक गोष्ट मनाला फार लागते. लिथियमची रक्ततपासणी तालुक्याला होत नाही. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आत रक्त द्यावं लागतं. म्हणजे पहाटेची एसटी, दोघांची मजुरी बुडाली, तिकीट वेगळं. ज्या घरात हे जमत नाही तिथे गोळीच बंद होते, आणि मग लोक म्हणतात, बघा, दवाखान्याचा काही उपयोग झाला नाही. मला याचा खरंच राग येतो. रक्त तालुक्याला घेऊन नमुना जिल्ह्याला पाठवता येतो, त्यात अवघड काही नाही. येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे, लेखी. भाऊजींना विचारलं, तुमचं नाव घेतलं तर चालेल का? म्हणाले, "घ्या. मीच उभा राहून सांगतो."